एस्टोनियाचे सिनेमे: कुठून सुरुवात करावी आणि काय खुशाल सोडावं

एस्टोनियन सिनेमा कुठून बघायला घ्यावा असं विचारलं की जो तो ‘नोव्हेंबर’कडे बोट दाखवतो. सिनेमा उत्तम आहे, सल्ला चुकीचा. जवळपास दोन तास कृष्णधवल चिखल, भुतं, प्लेग आणि सैतान. नवख्या माणसाला हे पहिल्याच दिवशी दाखवलं की ‘हे फेस्टिव्हलवाल्यांचं काम, आपल्याला नाही झेपायचं’ म्हणून तो कायमचा बाजूला होतो. मग त्याच देशातला घोडे-तलवारी-गाण्यांचा साहसपट, बर्फात अडकलेल्या हॉटेलातली खुनाची भानगड आणि पाण्यावरून दोन शेजाऱ्यांनी आयुष्यभर चालवलेली कोर्टबाजी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आमच्या मते एस्टोनियाचं खरं बळ त्याच्या गोष्टी सांगणाऱ्या सिनेमांत आहे. गूढगंभीर सिनेमे त्यांच्यानंतर बघितले तर कळतातही आणि आवडतातही.

देश केवढा, ते आधी लक्षात घ्या. २०११ च्या जनगणनेत नाशिक महापालिकेच्या हद्दीत १४ लाख ८६ हजार माणसं होती. एस्टोनिया अख्खा १३ लाखांच्या आसपास. एवढ्याशा प्रेक्षकांवर सिनेमाचा धंदा चालत नाही, त्यामुळे तिथला सिनेमा कायम कुणाच्या तरी पैशावर उभा राहिला. सोव्हिएत संघात असताना मॉस्कोच्या, नंतर स्वतःच्या सरकारच्या आणि शेजारी देशांच्या भागीदारीच्या. नट मोजकेच, तेच ते चेहरे दर सिनेमात दिसतात. हा दोष वाटत असला तरी बघणाऱ्याची सोयच होते. तीन-चार सिनेमे झाले की माणसं ओळखीची होतात.

सुरुवात आपल्या बरोबरीचीच. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. योहान्नेस प्यासुके याने अस्वलाच्या शिकारीवरचा छोटा राजकीय विडंबनपट काढला तो १९१४ मध्ये. पहिला मोठा मूकपट म्हणावा असा ‘नोरेद कोत्काद’ (तरुण गरुड) १९२७ चा, दिग्दर्शक थिओडोर लुत्स. इतिहास म्हणून एकदा बघा, करमणूक म्हणून नको. लढाईची दृश्यं चांगली आहेत, मधली पात्रं पुठ्ठ्याची.

पहिला सिनेमा आम्ही सुचवू तो ‘मंदारीनिद’ (संत्री, २०१३). दिग्दर्शक झाझा उरुशाद्झे जॉर्जियाचा, निर्मिती एस्टोनिया आणि जॉर्जियाची. एस्टोनियाला ऑस्करचं पहिलं नामांकन याच सिनेमाने मिळवून दिलं. काळ १९९२, जागा जॉर्जियापासून फुटू पाहणारा अबखाझिया प्रांत. एकोणिसाव्या शतकात तिकडे जाऊन वसलेल्या एस्टोनियन शेतकऱ्यांचं गाव युद्धामुळे रिकामं झालंय. मागे राहिलेत इव्हो आणि मार्गुस. मार्गुसच्या बागेत संत्र्याच्या जातीचं फळ झाडावर पिकून तयार आहे आणि तोडायला माणूस नाही. इव्हो त्यासाठी लाकडी खोकी ठोकत बसलाय. दारात चकमक होते, दोन जखमी उरतात: एक अबखाझियाकडून लढणारा चेचेन भाडोत्री सैनिक, एक जॉर्जियन. इव्हो दोघांना एकाच घरात आणून झोपवतो आणि माझ्या छपराखाली रक्त सांडायचं नाही, असा शब्द घेतो.

सिनेमा ८७ मिनिटांचा. चार मुख्य पात्रं, जवळपास एकच घर, उगाच भरती नाही. दिंडोरी-निफाडकडच्या बागायतदाराला ऐन तोडीच्या वेळी मजूर न मिळणं म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही, त्यामुळे मार्गुसची घालमेल पहिल्या पाच मिनिटांत पोचते. विनोद कोरडा आहे आणि अवेळी येतो. मेलेल्यांची गाडी दरीत ढकलल्यावर तिचा स्फोट होत नाही म्हणून ढकलणारेच खट्टू होतात, ते दृश्य बघा. इव्होचं काम लेम्बित उल्फसाकचं आणि मार्गुसचं एल्मो न्युगानेनचं. दोन्ही नावं पुढे परत येणार आहेत. एक सूचना: बोलणं बहुतांश रशियन आहे, मधेमधे एस्टोनियन आणि जॉर्जियन. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतं यावर अर्धी गंमत आहे, म्हणून डब केलेली प्रत घेऊ नका. तसा शेवट सराईत प्रेक्षकाला थोडा आधी कळतो. कळू द्या.

दुसरा ‘वीमने रेलीक्विया’ (शेवटचा पवित्र अवशेष), १९६९, दिग्दर्शक ग्रिगोरी क्रोमानोव. सोळाव्या शतकात राजधानी तालिनजवळच्या पिरिता इथल्या ख्रिस्ती जोगिणींच्या मठात मठाधिकारीण बाईला एका संतिणीच्या अवशेषांची पेटी हवी आहे. पेटी ज्याच्याकडे आहे त्या सरदारपुत्राला बदल्यात सुंदर आग्नेस हवी, आणि आग्नेसला भेटतो गाब्रिएल नावाचा मोकळा माणूस. पुढे पाठलाग, वेषांतरं, तलवारबाजी, जळता मठ. सोव्हिएत संघात या सिनेमाची ४ कोटी ४९ लाख तिकिटं खपली. पंधरा लाखही माणसं नसलेल्या प्रांतात बनलेल्या सिनेमाची.

यात प्रत कुठली घेता याला फार महत्त्व आहे. तालिनफिल्म हा सरकारी स्टुडिओ, पटकथेला मंजुरी मॉस्कोची, आणि सिनेमा संघभर दाखवायचा तर रशियन डबिंग ठरलेलं. म्हणून त्या काळातल्या बऱ्याच सिनेमांच्या दोन ध्वनिपट्ट्या सापडतात. इथे तर एस्टोनियन पट्टीतही प्रमुख नट-नट्यांचे आवाज दुसऱ्यांचे आहेत, कारण नायक अलेक्सांद्र गोलोबोरोद्को युक्रेनचा आणि नायिका इन्ग्रिदा आन्द्रिन्या लाटव्हियाची. ओठ आणि शब्द जुळत नाहीत म्हणून प्रत खराब समजू नका, ते मुळातच तसं आहे. फरक पडतो तो गाण्यांत. उनो नाइस्सोचं संगीत, पाउल-एरिक रुम्मोचे शब्द, एस्टोनियन पट्टीत आवाज पेतर तूमाचा. रशियन पट्टीत तीच गाणी गेओर्ग ओत्सने गायली आहेत. ओत्स मोठा गायक, पण आवाज ऑपेराचा, घोटीव. तूमाचा खडबडीत आवाज घोड्यावरून पळणाऱ्या माणसाला शोभतो. आणि पळून जा, मोकळा हो असं सांगणारं गाणं सोव्हिएत अमलाखालच्या लोकांनी त्यांच्या स्वतःच्या भाषेत ऐकलं, हा अर्थ एस्टोनियन पट्टीतच लागतो. शक्य असेल तर दुरुस्त केलेली प्रत मिळवा. जुन्या प्रतींत रंग उडून सगळं विटकरी झालेलं असतं.

याच क्रोमानोवचा दहा वर्षांनंतरचा सिनेमा म्हणजे ‘मृत गिर्यारोहकाचं हॉटेल’ (१९७९). हा आमचा सर्वांत लाडका, आणि सर्वांत कमी लोकांनी पाहिलेला. मूळ कादंबरी आणि पटकथा रशियन विज्ञानकथाकार स्त्रुगात्स्की बंधूंची. निनावी फोनवरून इन्स्पेक्टर ग्लेब्स्की डोंगरातल्या हॉटेलात येतो. इथे काहीच घडलेलं नाही असं त्याला सांगितलं जातं, मग हिमकडा कोसळून रस्ता बंद होतो आणि एका खोलीत मान पिरगाळलेलं प्रेत सापडतं. इथवर नेहमीची रहस्यकथा. त्यानंतर तपास ज्या दिशेला जातो तिथे कायद्याचं पुस्तक अपुरं पडतं, आणि नियमाने वागणारा माणूस चुकतो की नाही असा प्रश्न शेवटी उरतो. त्याचं उत्तर सिनेमा देत नाही.

यात बघायचं ते प्रकाशयोजनेकडे: आरसे, काचा, काळ्या खोल्यांत एकाच दिव्याचा पट्टा. बाहेर डोळे दिपवणारा बर्फ (डोंगर कझाकस्तानातले) आणि आत अंधार. स्वेन ग्र्युनबर्गचं सिंथेसायझरचं संगीत तर स्वतंत्रपणे ऐकण्यासारखं आहे. लांबी दीड तासाच्या आत. उणं एवढंच की पाहुणे बरेच आणि नावं विचित्र, पहिल्या वीस मिनिटांत कोण कोण ते नीट लक्षात ठेवावं लागतं. फोनमध्ये डोकं घातलंत तर गेलात. हॉटेलमालक झालाय युरी यार्वेत, तोच जो कोझिंत्सेवच्या १९७१ च्या ‘किंग लियर’मध्ये लियर होता आणि तार्कोव्हस्कीच्या ‘सोलारिस’मध्ये डॉक्टर स्नाउट. हा नट आवडला तर काल्यो कीस्कचा ‘हुलुमेल्सुस’ (वेडेपणा, १९६८) शोधाच. जर्मन ताब्यातल्या गावात एक गेस्टापो अधिकारी वेड्यांच्या इस्पितळात लपलेला हेर शोधायला येतो आणि हळूहळू शहाणा कोण आणि वेडा कोण हे त्यालाच कळेनासं होतं. वरवर नाझींवर टीका होती, पण रोख कुणावर आहे ते अधिकाऱ्यांनी बरोबर ओळखलं आणि सिनेमा एस्टोनियाबाहेर जाऊ दिला नाही.

‘केवादे’ (वसंत, १९६९) हा एस्टोनियन माणसाचा घरचा सिनेमा. २००२ मध्ये तिथल्या समीक्षकांनी आजवरचा सर्वोत्तम म्हणून यालाच निवडलं. ओस्कार लुत्सच्या कादंबरीवर आर्वो क्रुसेमेंटने केलेला, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडच्या गावशाळेचा. हा ओस्कार म्हणजे वर आलेल्या थिओडोरचा भाऊ. हळवा आर्नो, त्याला आवडणारी तेले, आणि सगळा सिनेमा खिशात घालणारा तोत्स: खोड्याळ, थापाड्या, अमेरिकेतल्या रेड इंडियनांच्या गोष्टी वाचून स्वतःला ‘केंटकीचा सिंह’ म्हणवणारा. गुरुजी त्याला अख्खं गणित झेपत नसेल तर अर्धं कर म्हणतात, हे वाक्य तिकडे म्हणीसारखं वापरतात. कथानक असं काही नाही, शाळेतलं एक वर्ष आहे. म्हणून काहींना तो संथ वाटेल. पण मुलं नट नव्हती, आणि ती कॅमेऱ्यापुढे ज्या मोकळेपणाने वागतात ते दुर्मीळ आहे. संगीत वेल्यो तोर्मिसचं. याच मुलांना घेऊन क्रुसेमेंटने १९७६ मध्ये ‘सुवी’ (उन्हाळा) आणि १९९० मध्ये ‘सुगिस’ (शरद) काढले. म्हणजे एकवीस वर्षांत तीच माणसं पडद्यावर मोठी झाली. ‘सुवी’ विनोदी आणि छान आहे. ‘सुगिस’ थकलेला आहे, सोडलात तरी चालेल.

सोव्हिएत काळातले आणखी दोन सांगायलाच हवेत, दोन्ही लेइदा लाइउस या दिग्दर्शिकेचे. ‘उकुआरू’ (१९७३) जंगलातल्या शेतावर एकटीने संसार ओढणाऱ्या मिन्नाची गोष्ट. संगीत आर्वो प्यार्तचं आणि त्यातलं वॉल्ट्झ फार गोड. मिन्नाचा गाणारा-वाजवणारा, कामाला उणा नवरा झालाय तरुण लेम्बित उल्फसाक. ‘मंदारीनिद’मधला म्हातारा डोळ्यांपुढे असताना हा बघण्यात मजा आहे. दुसरा ‘नाएराता ओमेती’ (हस की जरा, १९८५), आर्वो इहोबरोबर दिग्दर्शित, अनाथालयातल्या किशोरांचा. रडका नाही. मुलं एकमेकांशी क्रूर वागतात आणि सिनेमा त्यांची बाजू घेत नाही, त्यांना खाली पाडतही नाही.

आता मुख्य शिफारस. ‘तोदे या ओइगुस’ (सत्य आणि न्याय, २०१९), दिग्दर्शक तानेल तोम. ए. एच. तामसारेच्या पाच खंडी कादंबरीच्या १९२६ साली आलेल्या पहिल्या खंडावर. ऑस्करच्या अंतिम दहाच्या यादीपर्यंत पोचला होता, नामांकन हुकलं.

गोष्ट १८७० च्या सुमारास सुरू होते. आन्द्रेस नावाचा तरुण बायको क्र्योटला घेऊन वार्गामाए नावाच्या टेकाडावर येतो. भोवती दलदल, शेतात जागोजाग दगड, जमीन कर्जाने घेतलेली. त्याला ती सोन्यासारखी करायची आहे. शेजारी पेआरू: दारुडा, हसतमुख आणि नीच. भांडण पाण्यावरून पेटतं. नाशिकच्या प्रेक्षकाने इथे एक गोष्ट उलटी करून घ्यावी. आपल्याकडे चारी फोडून पाणी पळवतात. तिथे पाणी नको झालेलं असतं, ते चर खणून काढून द्यायचं असतं. चर दोघांच्या सामाईकीचा. वरच्याने खणायचा आणि खालच्याने बांध घालायचा, की पाणी तुंबून वरच्याच्या कुरणात. पेआरू नेमकं तेच करतो, आणि वर खांदे उडवून विचारतो की माझ्या हद्दीत मी काय करावं हे तू कोण सांगणार. मग हद्दीच्या खुणा, कुंपणं, वाट अडवणं, दुसऱ्याची जनावरं आपल्या रानात शिरल्याच्या तक्रारी, साक्षीदार फोडणं. सिन्नर असो नाहीतर निफाड, मोजणीच्या दिवशी बांधावर उभ्या राहिलेल्या माणसाला यातलं एकही दृश्य परकं वाटणार नाही.

सिनेमा मोठा होतो तो पुढे. आन्द्रेसची बाजू खरी आहे. पण कोर्टात खरं सांगून तो हरतो, खोटं बोलणारा पेआरू जिंकतो, आणि तिथून आन्द्रेस बदलायला लागतो. बायबल हातात, ओठ घट्ट, घरातल्यांवर करडी नजर. जमीन सुधारत जाते तसा तो बिघडत जातो. प्रीत लोगने हा बदल इतक्या हळू केलाय की नेमका कुठल्या दृश्यापासून आपल्याला त्याची भीती वाटायला लागली ते सांगता येत नाही. प्रीत व्होइगेमास्तचा पेआरू तर प्रत्येक दृश्य चोरतो. आणि क्र्योट (माइकेन श्मिट): मुलगा हवा म्हणून बाळंतपणामागून बाळंतपणं काढणारी बाई. तिच्यावर आवाज चढवताना पेआरूचीही जीभ अडखळते. घरगडी युस आणि त्याची बायको मारी यांचं काय होतं ते इथे सांगत नाही, पण आन्द्रेसचा हिशोब तिथे चुकतो.

चित्रीकरण राइन कोतोवचं, ज्याने ‘मंदारीनिद’ही टिपला होता. ऋतू पाठोपाठ येत राहतात आणि दगड वेचणारे हात मात्र तेच. दोष सांगायचा तर दुसऱ्या अर्ध्यात वर्षं भराभर उडतात, आणि मोठी झालेली मुलं कुठलं कोण हे कळायला वेळ जातो. एस्टोनियात दाखवलेली प्रत पावणेतीन तासांची, बाहेरच्या देशांसाठी छोटी कापलेली प्रतही आहे. मिळाली तर मोठीच बघा. मध्यंतर नाही. घ्यायचंच असेल तर काळ पुढे सरकतो तिथे थांबवा, कोर्टाच्या प्रसंगात मधेच नको.

या आणि इतर जुन्या काळच्या सिनेमांसाठी एक किल्ली लक्षात ठेवा: जर्मन बोलणारा माणूस म्हणजे जमीनदार किंवा चर्चचा बडा. राज्य डॅनिश, स्वीडिश, रशियन कुणाचंही असो, जमीन शतकानुशतकं बाल्टिक जर्मन सरदारांकडेच राहिली, ती १९१९ च्या जमीन सुधारणेपर्यंत. ‘केवादे’मधली गावशाळेची पोरं आणि जर्मन पोरं यांची मारामारी त्याशिवाय नुसती मारामारी वाटते.

एवढं झालं की ‘नोव्हेंबर’ (२०१७) काढा. राइनर सारनेटचा सिनेमा, आन्द्रुस किविर्याहक्कच्या कादंबरीवर. त्यात क्रात्त असतो: मोडकी अवजारं, काठ्या, कवटी बांधून बनवलेला नोकर. त्याच्यात जीव घालायला सैतानाला रक्ताचे तीन थेंब द्यावे लागतात, आणि गावकरी इतके बेरकी की रक्ताऐवजी ब्लॅककरंट नावाच्या काळ्या बोरांचा रस देऊन सैतानालाच गंडवतात. क्रात्तला सतत काम द्यावं लागतं, नाहीतर तो मालकाच्या जिवावर उठतो. सुटका करून घ्यायची तर अशक्य काम सांगायचं. सुरुवातीलाच एकजण त्याला पावाची शिडी करायला सांगतो. प्लेग गावात येतो तेव्हा सगळे विजारी डोक्यात घालून आडवे होतात, म्हणजे याला दोन्हीकडे ढुंगणच आहे असं समजून तो निघून जाईल. हे सगळं अत्यंत गंभीर चेहऱ्याने दाखवलंय. हसावं की नाही या संकोचात बसू नका, हसा. मार्त तानिएलच्या कॅमेऱ्याला न्यूयॉर्कच्या ट्रायबेका महोत्सवात बक्षीस मिळालं, ते रास्तच. प्रेमकथेपेक्षा गावकऱ्यांच्या चोऱ्या-लबाड्या आम्हाला जास्त भावल्या.

सारनेटचाच ‘अदृश्य लढाई’ (२०२३) यापेक्षा हलका: सोव्हिएत-चीन सीमा, कुंग फू, ऑर्थोडॉक्स मठ आणि ब्लॅक सबाथ या हेवी मेटल बँडचं संगीत एकाच भांड्यात. पहिला तास धमाल, नंतर तोच विनोद परत परत.

युद्धपटांत निवड नीट करा. ‘निमेद मार्मोरताहव्लिल’ (२००२) स्वातंत्र्ययुद्धात उतरलेल्या तार्तू शहरातल्या शाळकरी पोरांचा, दिग्दर्शक ‘मंदारीनिद’मधला मार्गुस, म्हणजे न्युगानेन. प्रामाणिक आहे, पण देशभक्तीचं प्रमाण जरा चढंच. त्याचाच ‘१९४४’ (२०१५) कितीतरी सरस. एस्टोनियन तरुण जर्मन गणवेशातही होते आणि लाल सैन्यातही, आणि त्या वर्षी ते खरोखर एकमेकांसमोर आले. सिनेमा मध्यावर बाजू बदलतो, म्हणून कुणाच्या अंगावर कुठला गणवेश आहे याकडे लक्ष ठेवा, नाहीतर दुसरा अर्धा डोक्यावरून जातो. त्यातलं प्रेमप्रकरण ओढूनताणून आणलेलं.

‘रिस्टटूलेस’ (२०१४) हा मार्ती हेल्देचा पहिलाच सिनेमा. १४ जून १९४१ ला सोव्हिएत राजवटीने एस्टोनियातून दहा हजारांहून अधिक माणसं सैबेरियाला धाडली. त्यातली एक आई नवऱ्याला पत्रं लिहिते, आणि पत्रं चालू असताना पडद्यावरची माणसं जागच्या जागी गोठून उभी असतात. फक्त कॅमेरा त्यांच्यामधून फिरतो. फोटो नव्हेत, खरे नट श्वास धरून उभे आहेत. एकेका दृश्याच्या तयारीला महिने लागले. ही युक्ती पहिली चाळीस मिनिटं थक्क करते, पुढे ती युक्ती आहे हे जाणवू लागतं. त्याच राजवटीतला काही वर्षांनंतरचा काळ सहा वर्षांच्या मुलीच्या नजरेतून बघायचा असेल तर मोनिका सीमेत्सचा ‘सेल्त्सिमेस लाप्स’ (२०१८) अधिक जवळचा वाटेल. आईला पकडून नेलंय, आणि आपण शहाण्यासारखं वागलो तर ती परत येईल अशी पोरीची समजूत. पोरगी फार गोड आहे, तरी सिनेमा गुळचट होत नाही.

‘क्लास्स’ (२००७, इल्मार राग) दाखवण्याआधी मात्र विचार करा. वर्गातल्या छळाची सात दिवसांची गोष्ट. त्यात लैंगिक अपमान आहे, शेवटी शाळेत बंदुका येतात. सिनेमा ताकदीचा आहे आणि शिक्षकांनी जरूर बघावा, पण शाळेच्या हॉलमध्ये लावून मोकळं होण्यासारखा नाही. आधी कुणीतरी मोठ्याने पूर्ण बघावा, नंतर बोलायला तासभर ठेवावा. व्हेनिसमध्ये बक्षीस मिळवलेला ‘सुगिस्बाल’ (२००७, व्हेइको ओउनपू) सहा एकट्या माणसांचा, तालिनच्या काँक्रीटच्या वसाहतीतला. सुंदर दिसतो, पण कंटाळलेल्या माणसांवरचा सिनेमा कंटाळवाणा व्हायलाच हवा का, असं मधेमधे वाटतं. ‘अपोथेकर मेल्खिओर’ (२०२२) पंधराव्या शतकातल्या तालिनमधला औषधविक्या गुप्तहेर. एकाच वर्षात तीन भाग आले, पहिला बघा, आवडला तरच पुढे जा. मुलांसाठी ‘लोत्ते’ या कुत्रीचा अ‍ॅनिमेशनपट (२००६), तो डोळे झाकून लावा.

आता प्रतींबद्दल. शोधताना इंग्रजी नावावर विसंबू नका. ‘स्प्रिंग’ किंवा ‘नोव्हेंबर’ टाकलं की भलतेच शेकडो सिनेमे येतात. दिग्दर्शकाचं नाव आणि साल टाका. जुन्या सिनेमांसाठी ‘आर्काडर’ हे एस्टोनियन चित्रवारशाचं संकेतस्थळ आहे, तिथे निवडक सिनेमांना इंग्रजी सबटायटल मिळतात. मराठी सबटायटल आमच्या तरी पाहण्यात नाहीत. सभागृहात दाखवायचं असेल तर घरच्या ओटीटी वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क येत नाही. वितरकाची लेखी परवानगी लागते.

सबटायटलची सर्वांत नेहमीची अडचण अशी: सुरुवातीला बरोबर, आणि पुढे पुढे ओळ संवादाच्या आधीच येते. कारण युरोपातल्या डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटींनी (फ्रेम्सनी) चालतात, मूळ सिनेमा २४ ने. म्हणजे डीव्हीडीवर तो चार टक्के जास्त वेगाने पळतो. डीव्हीडीसाठी केलेली सबटायटल फाइल २४ च्या प्रतीला लावली की दीड तासाच्या सिनेमात शेवटी साडेतीन मिनिटांचा फरक पडतो, ‘तोदे या ओइगुस’मध्ये साडेसहा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये जी आणि एच ही बटणं दाबून ओळी मागेपुढे करता येतात, पण ती सगळ्याच ओळी सारख्या सरकवतात. वाढत जाणारा फरक त्याने जात नाही. त्याच प्लेअरच्या ट्रॅक सिंक्रोनायझेशनमध्ये सबटायटलचा वेग बदला, नाहीतर फाइलच २५ वरून २४ वर बदलून घ्या, आणि तपासताना शेवटची पाच मिनिटं लावून बघा, सुरुवातीची नाही.

टीव्हीवर मोशन स्मूदिंग (हालचाल कृत्रिमपणे गुळगुळीत करणारी सोय) बंद आणि पिक्चर मोड सिनेमावर. प्रोजेक्टर असेल तर ‘नोव्हेंबर’ आणि ‘रिस्टटूलेस’ भर दुपारी पातळ पडद्यांच्या हॉलमध्ये लावू नका. त्यांतला काळा रंग करडा होतो आणि निम्मं चित्र दिसत नाही. ‘रिस्टटूलेस’मध्ये पत्रवाचन जवळपास अखंड चालतं, म्हणून सबटायटलचा आकार मागच्या रांगेतून आधी वाचून बघा. पडद्याच्या खालच्या कडेपुढे डोकी येत असतील तर ओळी वर सरकवून घ्या.